न उचललेला हात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आज मी तुम्हाला एका फुटबॉलपटूची गोष्ट सांगणार आहे. कवीने फुटबॉलवर बोलावं याचं कुणाला नवल वाटेल. मलाही वाटतंय. मी आयुष्यात एकही सामना धड खेळलेलो नाही. पण हा माणूस मी शाळेत जाण्याच्याही आधीपासून आमच्या घरात होता.

माझे अब्बा आगबोटीवर खलाशी. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष तेच करायचे. नऊ-दहा महिने दर्यावर, दोन महिने घरी. अब्बांची एक पत्र्याची ट्रंक होती. ती उघडली की नॅप्थलीन, साबण आणि परमुलुख यांचा मिळून एक वास यायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कात्रण चिकटवलेलं होतं. विलायती वर्तमानपत्रातलं, काळं-पांढरं. बारीक चणीचा, केस विस्कटलेला एक खेळाडू. सदरा चड्डीबाहेर आलेला, लांब बाह्यांची टोकं मुठीत आवळलेली आणि एक हात सरळ आभाळाकडे, त्याचं एक बोट वर. मला वाटायचं, हा गडी कुणाला तरी वर उडालेला पतंग दाखवतोय.

खाली इंग्रजीत नाव होतं. पाचवीत अक्षरं जुळवून वाचता यायला लागली तेव्हा मी ते मोठ्याने वाचलं : डेनिस लॉ.

अब्बांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पण ऐकलेलं होतं! कसं ते सांगतो. मँचेस्टर हे शहर समुद्रापासून आत आहे. तिथल्या व्यापाऱ्यांनी १८९४मध्ये समुद्रापासून शहरापर्यंत ३६ मैलांचा कालवा खोदून घेतला आणि मोठमोठ्या आगबोटी थेट दारात आणल्या. त्या गोदीपासून मँचेस्टर युनायटेड क्लबचं मैदान, ओल्ड ट्रॅफर्ड, हाकेच्या अंतरावर. अब्बांची बोट साठच्या दशकात तिथे लागायची. शनिवारी दुपारी ते डेकवर उभे असले की पलीकडून एकाएकी गर्जना उठायची. गोदीतला एक गोरा कामगार त्यांना हसून एकच शब्द सांगायचा, ‘लॉ.’ कात्रणही त्यानेच दिलेलं. अब्बा म्हणायचे, ‘‘तुफानात दर्या आवाज करतो ना, तसा. फक्त त्यात माणसं खूश असतात.’’

या डेनिस लॉचं १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी निधन झालं. बातमी वाचली आणि ती ट्रंक आठवली. मग मी हाती लागेल ते वाचत गेलो. आज बोलतोय ते त्यातूनच.

लॉचा जन्म २४ फेब्रुवारी १९४०चा. गाव ॲबर्डीन. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं मोठं बंदर. सात भावंडांत हा शेंडेफळ. बाप ट्रॉलरवर मासेमार. सोमवारी उत्तर समुद्रात जायचा, शनिवारी परतायचा. आमच्याकडे नऊ महिने, त्यांच्याकडे सहा दिवस. पण दाराकडे डोळे लावून बसणं तेच. पालिकेच्या चाळीवजा इमारतीत घर. बाराव्या वर्षापर्यंत पोरगा अनवाणी फिरत असे आणि पुढेही पायात आल्या त्या भावंडांच्या वापरलेल्या वहाणा. पहिले फुटबॉलचे बूटसुद्धा कुणीतरी वापरून झालेलेच.

अभ्यासात बरा होता. ॲबर्डीनच्या नामांकित ग्रामर स्कूलमध्ये त्याला जागा मिळाली होती. पण तिथे फुटबॉलऐवजी रग्बी खेळवत. त्याने ती शाळा नाकारली आणि साध्या पॉविस शाळेत गेला. घरच्यांनी कपाळावर हात मारला असेल की नाही कोण जाणे. आमच्याकडे नक्की मारला असता.

आणखी एक गोष्ट. त्याचा डोळा तिरळा होता, चांगलाच तिरळा. जाड चष्मा लावायचा आणि खेळताना तो काढून एक डोळा मिटून खेळायचा. हे वाचलं आणि मी पुस्तक बाजूला ठेवलं. कारण माझाही डावा डोळा लहानपणी तिरळा होता. शाळेत मला पोरं ‘लुकिंग लंडन, टॉकिंग टोकियो’ म्हणायची. फोटो काढायचा झाला की मी मान वळवायचो. आणि ट्रंकेच्या झाकणावर रोज ज्याच्याकडे बघायचो, तो माझ्याच जातीतला निघाला होता. तिरळ्यांच्या! तेव्हा कळलं असतं तर काही दिवस तरी मान ताठ ठेवून चाललो असतो.

पंधराव्या वर्षी, १९५५मध्ये, इंग्लंडातल्या हडर्सफील्ड टाउन क्लबने त्याला चाचणीसाठी बोलावलं. व्यवस्थापक अँडी बीटी. त्याच्या भावानेच हा मुलगा हेरला होता. समोर उभा राहिलेला हाडकुळा, चष्मेवाला पोरगा बघून बीटीला वाटलं, याच्यापासून फुटबॉलपटू होण्याची आशा धरणं म्हणजे कमालच. पण मैदानावर खेळताना बघितलं आणि ठेवून घेतलं. हडर्सफील्डमध्येच त्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळायला मिळालं तेव्हा त्याला मैदान केवढं वाटलं असेल! १९५६च्या नाताळच्या आदल्या दिवशी, सोळाव्या वर्षी, तो पहिल्या संघातून उतरला. तिथे पुढे त्याला बिल शँक्ली हा व्यवस्थापक भेटला. नंतर लिव्हरपूल क्लबला मोठं करणारा हाच तो शँक्ली. १८ ऑक्टोबर १९५८ रोजी वेल्सविरुद्ध तो स्कॉटलंडकडून पहिल्यांदा खेळला. वय १८. त्या सामन्यातही एक गोल.

मार्च १९६०मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला ५५ हजार पौंडांना विकत घेतलं. ब्रिटनमध्ये एका खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. यातली गंमत पाहा. ५५ हजार एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे गेले आणि खेळाडूचा पगार? त्या काळी इंग्लंडात फुटबॉलपटूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड. खेळाडूंनी संपाची तयारी केली तेव्हा कुठे जानेवारी १९६१मध्ये ती उठली. आमच्याकडे मुकादम आणि खलाशी यांचं जे नातं, तेच तिथे क्लब आणि खेळाडू यांचं.

त्याच महिन्यातला एक सामना मला फार आवडतो. २८ जानेवारी १९६१, एफए कप, ल्यूटन विरुद्ध मँचेस्टर सिटी. पाऊस कोसळतोय. सिटी दोन गोलांनी मागे पडली. मग लॉने एक गोल केला, दुसरा केला, तिसरा... असे सहा! एकट्याने. ६-२. आणि वीस-एक मिनिटं उरली असताना पंचांनी मैदानात पाणी साचलं म्हणून सामना रद्द केला. सहाच्या सहा गोल वाहून गेले. सामना नव्याने खेळवला, त्यात ल्यूटन ३-१ने जिंकलं. सिटीचा तो एकमेव गोल कुणाचा? लॉचाच. म्हणजे एकाच लढतीत सात गोल करून बाहेर पडलेला हा माणूस. कोकणातल्या माणसाला पावसाने काय काय नेलं ते सांगावं लागत नाही. पण सहा गोल नेलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

त्या उन्हाळ्यात तो इटलीत तोरिनोकडे गेला. किंमत १ लाख १० हजार पौंड. एक लाखाचा आकडा ओलांडणारा हा पहिला ब्रिटिश खेळाडू. पैसा होता, ऊन होतं, पण तिथला खेळ बचावाचा. आघाडीच्या खेळाडूला चौघांनी घेरून टाकायचं. फेब्रुवारी १९६२मध्ये त्याचा सोबती जो बेकर गाडी चालवत असताना भीषण अपघात झाला. बेकर मरता मरता वाचला, लॉ जवळजवळ सुखरूप बाहेर आला. वर्षभरातच त्याचं मन उडालं आणि जुलै १९६२मध्ये तो मँचेस्टरला परतला. या वेळी युनायटेडकडे, १ लाख १५ हजार पौंडांना.

तिथे मॅट बस्बी होता. हाही स्कॉटलंडचाच. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात २३ माणसं गेली, त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू. बस्बी स्वतः मरणाच्या दारातून परतला होता आणि पुन्हा एक एक माणूस जमवून संघ उभा करत होता. त्या घराला नव्याने वासे चढवताना लॉ हे त्याने चढवलेलं आढं. पहिल्याच सामन्यात सातव्या मिनिटाला लॉने गोल केला. १९६३च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात लेस्टरविरुद्धचा पहिला गोल त्याचाच; युनायटेड ३-१ने जिंकलं. म्युनिकनंतर क्लबच्या हाती लागलेला तो पहिला मोठा करंडक.

१९६३-६४च्या हंगामात त्याने सगळ्या स्पर्धा मिळून ४६ गोल केले. युनायटेडकडून एका हंगामात एवढे गोल आजवर दुसऱ्या कुणी केलेले नाहीत. १९६४मध्ये त्याला युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डोर हा किताब मिळाला. तो मिळालेला तो एकमेव स्कॉटिश माणूस. पुढे १९६५ आणि १९६७ साली युनायटेडने लीग जिंकली. लॉ, बॉबी चार्लटन आणि जॉर्ज बेस्ट अशी ती त्रयी. चार्लटन इंग्लंडचा, बेस्ट उत्तर आयर्लंडचा, हा स्कॉटलंडचा. तिघांनाही तो किताब मिळाला.

खेळायचा कसा? गोलसमोरच्या गर्दीत तो असे आणि नसेही. चेंडू जिथे येणार तिथे क्षणभर आधी पोचायचा. उंची बेताची, पण हवेत उडी घेतली की तरंगल्यासारखा राहायचा आणि आपल्याहून उंच बचावपटूंच्या वरून डोक्याने चेंडू मारायचा. गोलकडे पाठ करून हवेत आडवा होऊन मारलेली लाथ ही तर त्याची खास. आणि गोल झाला की ती मूठ, ती बाही आणि ते वर गेलेलं बोट. स्ट्रेटफर्ड एंड नावाच्या स्टँडमधले कामगार त्याला ‘किंग’ म्हणायचे. अनवाणी फिरलेल्या पोराला राजा म्हणण्यात त्यांचाही काही हिशेब चुकता होत असावा.

पण मोठ्या सणांच्या दिवशी हा राजा घराबाहेर राहिला. ३० जुलै १९६६ला इंग्लंडने विश्वचषक जिंकला. स्कॉटलंड त्या स्पर्धेत नव्हतंच. सामना बघायला नको म्हणून लॉ त्या दिवशी गोल्फ खेळायला गेला! पुढच्या एप्रिलमध्ये वेम्बलीवर स्कॉटलंडने त्याच जगज्जेत्यांना ३-२ने हरवलं. त्यातला पहिला गोल लॉचा. स्कॉटलंडकडून ५५ सामन्यांत त्याचे ३० गोल झाले. पुढे केनी डल्ग्लिशनेही ३०च केले, पण १०२ सामन्यांत.

२९ मे १९६८. बस्बीने दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो युरोपियन कप युनायटेडने बेनफिकाला ४-१ने हरवून जिंकला. आणि लॉ? गुडघ्याच्या दुखण्याने मँचेस्टरच्या रुग्णालयात खाटेवर. सामना त्याने टीव्हीवर पाहिला. घरातलं लग्न, आणि ज्याने मांडव घातला तो तापाने आत पडलेला.

गुडघा पुढे कधी पूर्ण बरा झाला नाही. १९७३ साली नवे व्यवस्थापक टॉमी डॉकर्टी यांनी त्याला मोकळं केलं आणि ही बातमी लॉला टीव्हीवरून कळली. अकरा वर्षं, ४०४ सामने, २३७ गोल. तो पुन्हा सिटीकडे गेला. शहर तेच, घर तेच, फक्त सदऱ्याचा लाल रंग जाऊन आकाशी आला.

आता येतो मी त्या दिवसाकडे. २७ एप्रिल १९७४. ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड विरुद्ध सिटी. सहाच वर्षांपूर्वी युरोप जिंकलेलं युनायटेड तळाला गेलेलं, खालच्या विभागात घसरण्याच्या काठावर. ८१वं मिनिट, गोल कुणाचाच नाही. सिटीच्या फ्रान्सिस लीने चेंडू आत दिला. लॉची पाठ गोलकडे होती. आयुष्यभराची सवय म्हणा, त्याने टाच मागे फिरवली. चेंडू जाळ्यात.

त्याचं चित्रण मी पुनःपुन्हा पाहिलंय. सिटीचे खेळाडू धावत येतात, गळ्यात पडतात, पाठीवर थापटतात. लॉ उभा आहे. खांदे पडलेले, मान खाली. हात खाली, बोट खाली. हजारदा वर गेलेला तो हात त्या दिवशी वर गेला नाही. लगेच त्याला बदलण्यात आलं आणि तो मुकाट्याने बाहेर चालत गेला. युनायटेडचे प्रेक्षक मैदानात घुसले, सामना वेळेआधी थांबवावा लागला, निकाल १-० असाच कायम राहिला. क्लबसाठी लीगमध्ये त्याने चेंडूला केलेला तो शेवटचा स्पर्श.

वर्षानुवर्षं लोक म्हणत आले की, लॉने टाचेने आपलंच घर पाडलं. हे खरं नाही. त्याच दिवशी बर्मिंगहॅमने आपला सामना जिंकला होता. त्यामुळे लॉने गोल केला नसता तरी युनायटेड खाली गेलंच असतं. हिशेबाच्या वहीत त्याच्यावर एक पैही निघत नाही. तरी ते शल्य अनेक वर्षं गेलं नाही, असं तो म्हातारपणीही मुलाखतींतून सांगत राहिला. मला या माणसाबद्दल जे वाटतं ते इथे वाटतं. नवं घर ज्याचं मीठ खातोय त्याची चाकरी त्याने चोख केली, गोल चुकवला नाही. आणि जुन्या घराचं दुःख झालं, तेही लपवलं नाही. आपल्याकडे माणसाला नेहमी विचारतात, तू नक्की कुणाचा? एकाच बाजूचं नाव घे. लॉने त्या दिवशी दोन्ही बाजूंचं देणं एकाच वेळी दिलं. एक टाचेने, एक न उचललेल्या हाताने.

त्यानंतर तो १९७४च्या विश्वचषकात झैरेविरुद्ध एक सामना खेळला आणि थांबला. वय ३४.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण ऑगस्ट २०२१मध्ये लॉच्या आजाराची बातमी आली. अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित स्मृतिभ्रंश. त्याने ते झाकून ठेवलं नाही, जाहीर केलं. चार्लटनलाही स्मृतिभ्रंश होता, नॉबी स्टाइल्स या त्यांच्या जोडीदारालाही. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या होत्या. २०१९मध्ये त्यांनी सांगितलं की, मेंदूच्या अशा आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण या खेळाडूंत इतरांच्या सुमारे साडेतीन पट आहे. डोक्याने चेंडू मारणं हेच कारण, असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही. पण संशयाचं बोट तिकडेच जातं. तो जुना कातडी चेंडू पावसात भिजला की जड व्हायचा. २०२०पासून स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात चेंडू डोक्याने मारायला देत नाहीत. म्हणजे ज्या तरंगत्या उडीसाठी गोदीपर्यंत गर्जना जायची, तिचीच किंमत कदाचित पन्नास वर्षांनी वसूल झाली.

माझ्या अब्बांचीही शेवटची दोन वर्षं अशीच गेली. फुटबॉलचा काही संबंध नाही, वयाचा होता. ते मला माझ्या चाचांच्या नावाने हाक मारायचे. घर कुठलं ते विसरले. एकदा मी ट्रंक उघडून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी कात्रणाकडे बराच वेळ पाहिलं. नाव आठवलं नाही. मग कान टवकारल्यासारखे करून म्हणाले, ‘‘ऐकलंस?’’ मी म्हणालो, ‘‘हो अब्बा, ऐकलं.’’

नोव्हेंबर २०२१मध्ये ॲबर्डीनने आपल्या मासेमाराच्या पोराचा पुतळा उभारला. ओल्ड ट्रॅफर्डबाहेर तर २००८पासूनच तिघांचा पुतळा आहे. मध्ये लॉ, हात वर. बेस्ट २००५ साली गेला, चार्लटन २०२३मध्ये, आता लॉही गेला. अब्बांच्या बोटी जिथे लागायच्या ती गोदी १९८२मध्येच बंद झाली.

पुतळ्यात हात वर आहे हे योग्यच आहे. लोकांना तोच आठवायला हवा. पण माझ्या नातवाने परवा ट्रंकेतल्या चित्राबद्दल विचारलं तेव्हा मी त्याला आधी वरच्या हाताची गोष्ट सांगितली आणि मग, तो जरा मोठा असल्यासारखा धरून, खालच्या हाताचीही. तो म्हणाला, ‘‘मग तो जिंकला की हरला?’’

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर पाहा.